प्रोजेक्ट फीमध्ये येतो का?

यंदा ॲडमिशनच्या दिवसांत एका वडिलांनी मला विचारलं, "मॅडम, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट फीमध्येच येतो, की बाहेरून वेगळा घ्यावा लागतो?"

मी मदतकक्षाच्या टेबलामागे बसले होते. समोर पालकांची रांग, प्रत्येकाच्या काखोटीला प्लॅस्टिकचं फोल्डर. हे गृहस्थ सोलापूरकडचे, साधेसुधे, खिशाला पेन लावलेले. थोरला मुलगा दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजातून इंजिनिअर झाला होता आणि त्या वेळी ऐन परीक्षेच्या तोंडावर प्रोजेक्टचा खर्च अंगावर आला होता. धाकट्याच्या वेळी तरी आधी विचारून ठेवावं, एवढंच त्यांच्या मनात. विचारताना ते लाजले नाहीत. का लाजावं? मेसचं विचारलं, होस्टेलचं विचारलं, तसंच हे. शेजारी बसलेल्या मॅडम गालातल्या गालात हसल्या. मला हसू आलं नाही. मला शिसारी आली, आणि ती त्या माणसाची नव्हती.

"प्रोजेक्ट विद्यार्थ्यानं स्वतः करायचा असतो," मी म्हणाले.

"हो हो, ते तर आहेच," ते समजूतदारपणे म्हणाले. "पण साधारण किती लागतात?"

मी पुढच्या पालकांना बोलावलं.

मी पुण्यातल्या एका छोट्या सरकारी तंत्रविद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. छोटं म्हणजे खरंच छोटं. मोजक्या शाखा, एक जुनी दगडी इमारत, एक नवी काचेची, आणि मधे एक कॅन्टीन, जिथला चहा प्यायला धाडस लागतं. सरकारी असल्यामुळे फी कमी, आणि फी कमी म्हणून ॲडमिशनला मारामारी. गावोगावची हुशार पोरं मेरिटवर इथे येतात. त्यांच्या आईवडिलांना आम्ही मदतकक्षात एक गुळगुळीत माहितीपत्रक देतो. त्यात पहिल्याच पानावर लिहिलंय की आमच्याकडे प्रात्यक्षिक शिक्षणावर भर दिला जातो. हे वाक्य मी इतक्या वेळा तोंडानं म्हटलंय की आता ते म्हणताना माझं लक्षही नसतं. मी स्वतः कंत्राटी. अकरा महिन्यांची नेमणूक, मग घरी बसा, मग पुन्हा मुलाखत, पुन्हा तेच चहाचे कप आणि पुन्हा तीच नेमणूक. ज्यांनी मला दहा वेळा निवडलंय तेच अकराव्यांदा विचारतात, "मॅडम, आपल्याबद्दल काही सांगा." काय सांगू, कपाळ?

राहायला मी कसब्यात. घरून बसस्टॉपकडे पायी निघालं की वाटेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची एक गल्ली लागते. वर्षभर तिथे वायरी, दिवे, स्पीकर, रिमोटची कव्हरं विकतात. संक्रांत झाली की पाट्या बदलतात. "बी. ई. व डिप्लोमा प्रोजेक्ट तयार मिळतील. रिपोर्टसह." एका दुकानदारानं तर खाली अस्सल पुणेरी तळटीपच दिली आहे: "प्रोजेक्ट दुकानात चालू करून दाखवला जाईल. घरी नेल्यावर बंद पडल्यास वाद घालू नये. समजावून सांगण्याचे पैसे वेगळे पडतील."

हे समजावून सांगणं म्हणजे काय, ते मला आधी माहीत नव्हतं. एकदा वायर घ्यायला आत शिरले तेव्हा कळलं. दुकानाच्या माळ्यावर चार पोरं मांडी घालून बसलेली, समोर एक बिनमिशीचा मास्तर, आणि प्रत्येकाच्या हातात छापील प्रश्नोत्तरांचा कागद. "परीक्षक विचारतील, हाच सेन्सर का निवडला? तर काय सांगायचं?" पोरं एका सुरात सांगत होती. पाढे म्हणावेत तशी. त्यातली दोन माझ्याच वर्गातली. खाली उतरताना मी दिसले तर दचकावं की नाही? छे! "गुड ईव्हनिंग मॅडम," म्हणाले, आणि खोकं सांभाळत निघून गेले. मीच मान खाली घालून चालू लागले, चोरी माझीच असल्यासारखी.

आता त्या मुलीचं सांगते. कारण त्या वडिलांचा प्रश्न ऐकल्यापासून तीच डोक्यात आहे.

ती यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. वडलांचं पंपांच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करायचं, वायंडिंगचं दुकान. ॲडमिशनच्या दिवशी दोघं रातराणीनं येऊन थेट आमच्या व्हरांड्यात बसलेले, आणि योगायोगानं कागद तपासायला मीच होते. बाप एक अक्षर बोलला नाही. जे काही बोलायचं ते ही बोलली. होस्टेल मिळालं नाही, कारण होस्टेलच्या जागा विद्यापीठाहूनही छोट्या. मग कोथरूडमध्ये कॉट बेसिसवर राहिली. म्हणजे एका खोलीत चार-पाच पलंग, त्यातला एक आपला, आणि घरमालकीणबाईंची पाटी भिंतीवर: गरम पाणी सातपर्यंतच. चार वर्षं ती त्या पलंगावर राहिली.

वर्गात तिची एक सवय होती आणि त्या सवयीमुळे ती माझ्या लक्षात राहिली. मी काही शिकवून "समजलं का?" विचारलं की अख्खा वर्ग माना डोलवायचा. नंदीबैल परवडले. ही एकटी हात वर करायची. "मॅडम, नाही समजलं." पुन्हा सांगितलं तरी नाही समजलं, तर पुन्हा हात. बाकीची पोरं वैतागायची. मला मात्र बरं वाटायचं. इतक्या माना डोलताना पाहिल्यावर कोणीतरी खरं बोलतंय, याचं काय वाटतं ते शिकवणाऱ्यालाच कळेल.

शेवटच्या वर्षी ती माझ्याकडे प्रोजेक्टला आली. तिघींचा ग्रुप. कल्पना तिचीच होती. मोटार जळायच्या आधी तिचं बेअरिंग कुरकुरायला लागतं, थरथर बदलते. वडलांच्या दुकानात लहानपणापासून हेच पाहिलेलं. तर मोटारीवर चिमट्यासारखं बसवायचं एक छोटं यंत्र करायचं, जे ती थरथर मोजेल आणि बिघाड व्हायच्या आधीच लाल दिवा लावेल. मोटार ठीक असेल तर हिरवा. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. दिवाळीनंतर बाकीच्या दोघींनी हात झटकले. "मॅडम, हिचं काही चालत नाही, आमचं वर्ष जाईल," म्हणाल्या, आणि गल्लीतून खरेदी करणाऱ्या एका ग्रुपमध्ये जाऊन बसल्या. मी सही दिली. काय करणार, बळजबरीनं बसवून ठेवू?

ही एकटी राहिली. सकाळी लॅब उघडायच्या आधी दाराशी हजर. आमची लॅब तिसऱ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. मार्चपासून तिथे दुपारी उभं राहवत नाही. पंखा आहे, तो गरम हवा इकडून तिकडे नेतो. तिथे ही पोरगी वर्कशॉपमधून एक चांगली आणि एक बिघडलेली मोटार आणून रोज तासन् तास मोजमापं घेत बसायची. हळूहळू यंत्र चालायला लागलं. बिघडलेल्या मोटारीवर लाल, चांगलीवर हिरवा. पहिल्यांदा बरोबर लागलं तेव्हा ती मला कॅन्टीनमधून ओढत घेऊन आली होती.

एकच भानगड होती. सकाळी बरोबर चालणारं ते यंत्र दुपारी चुकायचं. धडधाकट मोटारीवर लाल दिवा लावायचं. तिनं सेन्सर बदलला, वायरी बदलल्या, प्रोग्राम पुन्हा लिहिला. दुपार झाली की पुन्हा तेच. मला शंका होती की सेन्सर तापतो आणि आकडे सरकतात. पण शंका म्हणजे उत्तर नव्हे, आणि ते शोधून काढायला ज्या उपकरणांची गरज होती ती आमच्याकडे कपाटात कुलूपबंद होती. बिघडू नयेत म्हणून. आमच्याकडे प्रात्यक्षिकावर भर असतो ना!

"राहू दे," मी तिला म्हटलं. "रिपोर्टमध्ये लिही, दुपारी चुकतं, कारण सापडलेलं नाही. यात लाज कसली? शोधणाऱ्याला सगळंच सापडत नाही." तिनं तसंच लिहिलं. मला तिचा अभिमान वाटला, हेही सांगून टाकते.

त्याच सुमाराला तिला नोकरी लागली. हडपसरची एक कंपनी, पंपांची कंट्रोल पॅनेल बनवणारी. पत्र आलं, त्यात अट, शेवटच्या सत्रात एकही विषय राहता कामा नये. राहिला तर पत्र रद्द. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. कॉटचं भाडं जूनपर्यंतच भरलेलं. घरी धाकटा भाऊ बारावीला, आणि वडलांनी स्पष्ट सांगितलेलं की यापुढे पुणं झेपणार नाही, नोकरी नसेल तर परत ये. एका दुपारी लॅबमध्ये सोल्डरिंग करता करता ती म्हणाली, "मॅडम, मले परत नाही जायचं. तिथं गेली की संपलंच मग." एरवी ती आमच्यासारखं शुद्ध बोलायची. मनातलं बोलताना मात्र गावचं यायचं.

मग तोंडी परीक्षेचा दिवस आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रोजेक्टची तोंडी परीक्षा दोन जण घेतात. एक आमच्यातला, म्हणजे त्या दिवशी मी, आणि एक बाहेरच्या कॉलेजातून आलेला, ज्याला सगळे एक्स्टर्नल म्हणतात. एक्स्टर्नल म्हणजे त्या दिवशीचा जावईच. आले की नाश्ता, मग चहा, मग दुपारी श्रीखंड-पुरीचं ताट. त्यांना काय आवडतं ते आदल्या दिवशी फोन करून विचारतात. मुलांना काय आलं, काय नाही आलं, ते विचारायची घाई कोणालाच नसते. आमचे एक्स्टर्नल सर पन्नाशीचे, अतिशय सौजन्यशील, बोलताना सारखे "वेल, वेल" म्हणणारे.

पहिल्या ग्रुपनं स्मार्ट कचरापेटी आणली होती. हात जवळ नेला की झाकण आपोआप उघडतं. ही कचरापेटी मी गेल्या वर्षी पाहिली, त्याआधीच्या वर्षीही पाहिली, झाकणावरचं हिरवं पान तेच. सरांनी आपला रिकामा चहाचा कागदी कप तिच्यात टाकला आणि लहान मुलासारखे खूश झाले. मग प्रश्न. हाच सेन्सर का? पोरांनी घडाघडा सांगितलं. मर्यादा काय? घडाघडा. भविष्यात काय करता येईल? "सर, भविष्यात आम्ही हे क्लाउडशी जोडू." दुसऱ्या ग्रुपनंही भविष्यात क्लाउडशीच जोडायचं ठरवलं होतं. तिसऱ्यानंही. एका ग्रुपमध्ये तर एक पोरगा बोलायचा थांबला तेव्हा दुसऱ्यानं त्याच वाक्याच्या मध्यापासून पुढे सुरू केलं. सर डोळे मिटून ऐकत होते, मान डोलवत होते. त्या माळ्यावर ज्या आवाजात मी हे सगळं ऐकलं होतं, त्याच आवाजात आता परीक्षेत ऐकत होते, आणि हाताखालच्या कागदावर गुण चढत होते. मला वाटत होतं, उठावं आणि तोंडावर पाणी मारून यावं. किळस येणं म्हणजे काय, ते मला त्या खुर्चीत बसून कळलं.

हिचा नंबर जेवणानंतर लागला. भर दुपारी.

मी म्हटलं होतं, हिला सकाळी घेऊ. सर म्हणाले, यादीच्या क्रमानं जाऊ, नाहीतर पक्षपात दिसतो. पक्षपात! तर ती आली. मोटार दोघांनी उचलून आणली. तिनं यंत्र चिमट्यासारखं बसवलं, मोटार सुरू केली. मोटार चांगली होती. लाल दिवा लागला.

"म्हणजे ही बिघडलेली आहे?" सरांनी विचारलं.

"नाही सर. चांगली आहे. दुपारी हे चुकतं. सकाळी बरोबर दाखवतं."

"असं का?"

"माहीत नाही, सर."

सरांनी चष्मा काढला. "माहीत नाही?"

"तीन तऱ्हांनी करून पाहिलं सर. सेन्सर बदलला, वायरी बदलल्या, प्रोग्राम बदलला. कारण नाही सापडलं. रिपोर्टमध्ये लिहिलंय."

सरांनी रिपोर्ट उघडलाही नाही. आजूबाजूला पाहिलं, मग अगदी मऊ आवाजात, बापाच्या मायेनं म्हणाले, "बेटा, खरं सांग. कुठल्या दुकानातून घेतलंस?"

क्षणभर मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"सर, मी केलंय," ती म्हणाली.

"अगं, घेतात सगळे, मी कुठे नाही म्हणतोय? पण निदान समजून तरी घ्यायचं. पैसे देता ना त्यांना? मग विचारायचं त्यांना, हे का होतं, ते का होतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "सर," मी म्हणाले, "हे तिनं स्वतः केलंय. मी गाईड आहे. वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर केलंय."

सर माझ्याकडे बघून हसले. कीव आल्यासारखे. "मॅडम, आपण फार विश्वास टाकता. स्वतः केलं असतं तर उत्तर आलं असतं. सकाळचे ग्रुप्स बघा. एक तरी प्रश्न अडला का कोणाचा?"

अहो, काय बोलायचं यावर! त्या माणसाला दुकानं माहीत होती. प्रोजेक्ट विकत घेतात, हेही माहीत होतं. आणि तरीही, अगदी प्रामाणिकपणे, त्याला वाटत होतं की जो घडाघडा बोलतो त्यानं केलंय आणि जो माहीत नाही म्हणतो त्यानं विकत घेतलंय. वर्षानुवर्षं पाठ केलेली उत्तरं ऐकून ऐकून त्याच्या कानाला पाठांतर म्हणजेच ज्ञान वाटायला लागलं होतं. लबाड असता तर मी भांडले असते. लबाडाशी भांडता येतं.

ती मात्र भांडली. "काहून खोटं बोलू, सर? मी करून राहिली होती ना वर्षभर. विचारा काही पण."

सरांनी विचारलं नाही. "वेल, वेल," म्हणाले आणि कागदावर उत्तीर्णच्या खालचे गुण लिहिले. ती मोटारीचा प्लग काढायला वाकली. खूप वेळ वाकलेलीच राहिली.

मी त्या कागदावर सही करायला नकार दिला. आयुष्यात पहिल्यांदा. दोन्ही परीक्षकांच्या सह्या लागतात, त्यामुळे सगळ्या वर्गाचे गुण अडकले. एक्स्टर्नल सर दुखावले, त्यांनी निरोपाचा चहाही घेतला नाही, आणि या गोष्टीनं आमच्याकडे गहजब झाला. मुलीच्या नोकरीचं कोणाला काही नव्हतं. सर चहा न घेता गेले!

विभागप्रमुखांनी मला बोलावलं. ते अस्सल पुणेरी. आवाज कधी चढत नाही, शब्द कधी वाया जात नाही.

"मॅडम, आदर्शवाद आपण वर्गात शिकवू या. निकालपत्रकात नको."

"सर, तिनं खरंच स्वतः केलंय."

"असेल ना. मी कुठे नाही म्हणतो? पण चालत नाही ना? आपली नेमणूक जूनमध्ये संपते, नाही का?" हे त्यांनी इतक्या सहज विचारलं, जणू माझा वाढदिवस विचारत आहेत.

मग त्यांनी तोडगा काढला. त्यांना तोडगे छान काढता येतात. तिला आजच्या परीक्षेला गैरहजर दाखवायचं, वैद्यकीय कारणानं. पुढच्या आठवड्यात फेरपरीक्षा, हेच एक्स्टर्नल. त्यांची समजूत विभागप्रमुख काढतील. वर्गाचं मोकळं होईल, मुलीचं वर्ष वाचेल, सगळ्यांचा मान राहील.

"मात्र तिला सांगा, चालणारा प्रोजेक्ट आणायचा."

"चालणारा म्हणजे? आठ दिवसांत हे दुरुस्त कसं होणार?"

ते फाईल चाळायला लागले. वर न बघता म्हणाले, "मॅडम, आपण कसब्यातच राहता ना?"

मी तशीच बाहेर आले. जिन्यात उभी राहिले. मला त्यांची घृणा वाटली, त्या इमारतीची वाटली, आणि सगळ्यात जास्त या गोष्टीची वाटली की ते जे बोलले त्यात मुलीचं भलंच होतं. तिची नोकरी दुसऱ्या कुठल्याच मार्गानं वाचणार नव्हती. मी सही अडवून धरली असती तर माझं तत्त्व राहिलं असतं आणि ती यवतमाळला परत गेली असती.

ती लॅबमध्येच बसलेली होती. मी तिला सगळं सांगितलं, फक्त विभागप्रमुखांचं शेवटचं वाक्य सोडून. म्हटलं, "आपण प्रयत्न करू. मी कपाटाची किल्ली मागते. तापमानाचंच आहे बहुतेक, आठवडाभर बसू दोघी."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. डोळे सुजलेले, पण आवाज शांत. "मॅडम, आठ दिवसांत नाही होणार. तुम्हाले पण माहीत आहे."

"मग?"

"मी बघते," ती म्हणाली.

मी विचारलं नाही, काय बघतेस. नको म्हणाले नाही, हो म्हणाले नाही. तिनं यंत्र पिशवीत घातलं आणि गेली. दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी घरी येताना मी गल्ली टाळून लांबच्या रस्त्यानं गेले. मला तिला त्या माळ्यावर पाहायचं नव्हतं.

फेरपरीक्षेला ती वेळेच्या आधी आली. केस नीट विंचरलेले, ड्रेस इस्त्रीचा. टेबलावर थर्माकोलचा रस्ता, दोन्ही बाजूंना चिमुकले विजेचे खांब, एका कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड. आपोआप लागणारे रस्त्यावरचे दिवे. वर हात धरून सावली केली की दिवे लागत, हात काढला की विझत. एक्स्टर्नल सर मागचं सगळं विसरले होते, मोठ्या मनानं. आल्या आल्या तीन वेळा हात धरून दिवे लावून पाहिले.

"वेल, वेल! हाच सेन्सर का निवडला?"

तिनं सांगितलं. घडाघडा. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. मर्यादा सांगितल्या. खर्च सांगितला. भविष्यात काय, तर क्लाउडशी जोडणार. तो आवाज तिचा नव्हता, म्हणजे होता तिचाच, पण चार वर्षांत मी तो कधी ऐकला नव्हता. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा मॅडम, मुलांना एक संधी दिली की कसा फरक पडतो." मी मान डोलावली. हो, मीसुद्धा.

"आपल्याला काही विचारायचंय?" त्यांनी मला विचारलं.

विचारायचं काही नव्हतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं. जे मी दरवर्षी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला विचारते तेच. "हे कधी चुकतं का गं? अजून यात काय कळलेलं नाही तुला?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हात वर येईल. आता म्हणेल. क्षणभर खरंच वाटलं, आणि म्हणू नये असंही वाटलं, कारण म्हणाली असती तर सगळं घालवून बसली असती.

"नाही मॅडम," ती म्हणाली. पापणीही हलली नाही. "ही सिस्टीम शंभर टक्के अचूक आहे. सर्व कन्सेप्ट्स क्लिअर आहेत."

"एक्सलंट!" सर म्हणाले. वर्गात सगळ्यात जास्त गुण तिला पडले. मी सही केली.

सामान आवरून ती बाहेर आली तेव्हा मी व्हरांड्यात उभी होते. मी नको म्हणेपर्यंत तिनं वाकून नमस्कार केलाही. चेहरा फुललेला. नोकरी राहिली होती, पुणं राहिलं होतं, आणि ते तिचं तिनं मिळवलं होतं. मी तिच्या आनंदात आनंद मानायचा प्रयत्न करत होते.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "तो चुकतं का वाला प्रश्न तुम्ही काहून विचारला? तो कागदात नव्हता. मी किती घाबरली होती."

"असंच. सहज विचारला."

"पण मी उत्तर बरोबर दिलं ना?"

ती थांबली होती. खरंच उत्तराची वाट बघत होती.

"हो," मी म्हणाले. "बरोबर दिलंस."